खऱ्याखोट्याची पारख

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात शाळेच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे लेखरूप)



महोत्सव समितीने मला आठवणी सांगण्यासाठी बोलावले होते. मी म्हटले, आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. मला थोडे शिकवू द्या. निवृत्त शिक्षकाला पुन्हा एकदा वर्ग मिळणे यापरते सुख नाही. तेव्हा आजचा हा माझा शेवटचा तास आहे असे समजा. विषय अभ्यासक्रमातला नाही, पण त्यात आपण सगळेच रोज परीक्षेला बसतो. समोर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे आपण कशावरून ठरवतो? दूधवाल्याचे दूध, दुकानदाराने परत दिलेली पाचशेची नोट, शेजारणीने सांगितलेली बातमी, फोनवरचा अनोळखी आवाज, स्वतःच्या मुलाचे ‘गृहपाठ झाला’ हे उत्तर, अशा दहा-वीस गोष्टींचा निवाडा आपण सकाळपासून रात्रीपर्यंत करतो आणि तो कसा केला याचा विचार मात्र क्वचितच करतो.

आपण इंदूरची माणसे, म्हणून सुरुवात सराफ्यापासून करते. रात्रीचा सराफा म्हणजे भुट्ट्याचा कीस आणि थंडीतला गराडू, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी दिवसाच्या सराफ्याविषयी बोलते आहे. जुन्या पेढीवर सोने पारखणारा काय करीत असे? काळ्या दगडावर दागिना घासून तो एक रेघ ओढी. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याच्या सळीने दुसरी रेघ ओढी. मग दोन्ही रेघांवर आम्लाचा थेंब टाकी. हिणकस धातू विरघळून जाई, रेघ फिकी पडे आणि अस्सल सोन्याची रेघ तशीच राही. ‘कसोटी’, ‘निकष’, ‘कस लागणे’ हे आपण ज्ञानाच्या आणि चारित्र्याच्या संदर्भात वापरतो ते सारे शब्द या दगडापासून आले आहेत.

या लहानशा कृतीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, शेजारची रेघ. एकट्या रेघेकडे कितीही वेळ पाहिले तरी ती किती कॅरटची हे कळत नाही. ज्याचे खरेपण आधी सिद्ध झाले आहे असे काहीतरी शेजारी ठेवावे लागते. दुसरी, कसोटी फक्त घासलेल्या भागाविषयी बोलते. वरून सोन्याचा जाड मुलामा असेल तर दगडही फसतो. तिथे खोल कानस चालवावी लागते. तिसरी, पारखणारा दागिना कुणाचा हे पाहत नाही. सख्ख्या भावाने आणलेले कडेही तो दगडावर घासतो आणि भावालाही त्यात अपमान वाटत नाही. या तिसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता एका दिवसाची आठवण. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. तुमच्यापैकी जे तेव्हा शाळेत होते त्यांना तो विसरता येणार नाही. गणपती दूध पितो अशी बातमी पहाटे दिल्लीतल्या एका देवळातून निघाली आणि दिवस मावळायच्या आत देशभर आणि देशाबाहेरच्या देवळांतही पोचली. देशात मोबाईल सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. सामान्य घरात तो फोन कुणी पाहिलाही नव्हता. तरीही साधे दूरध्वनी आणि एस.टी.डी.चे बूथ एवढ्या बळावर ही बातमी इतकी धावली. अफवा हे आजच्या यंत्रांचे अपत्य आहे असे मानणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी शिरले तेव्हा वर्गाचे दोन तट पडलेले होते. एक मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, माझ्या आजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ती खोटं बोलत नाही.” मी तिला म्हटले, “आजी खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. तिनं नेमकं काय पाहिलं, तेवढं सांग.” बऱ्याच विचाराने ती म्हणाली, “चमच्यातलं दूध कमी होताना पाहिलं.” “मग दूध पिताना पाहिलं, असं आपण का म्हणतो?”

दुपारी आम्ही प्रयोगशाळेत पितळी गणपती, स्वयंपाकघरातला दगडी वरवंटा आणि चिनी मातीची बरणी अशा तीन वस्तू मांडल्या. दुधात कुंकू कालवले. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता केला की दूध ओढले जाई आणि पोटावरून, बैठकीवरून लाल ओघळ खाली उतरे. वरवंटाही तितक्याच आवडीने दूध प्यायला. पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली वाहते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही, एवढेच. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवले होते.

त्या मुलीचा चेहरा पडला होता. मी तिला जे सांगितले तेच आज पुन्हा सांगते. आजीचे डोळे चुकले नव्हते. दूध खरोखरच कमी झाले होते. चूक झाली ती डोळ्यांनी पाहिले आणि मनाने अर्थ लावला, या दोहोंमधल्या उडीत. आपल्याकडे म्हणतात, खऱ्याखोट्यात चार बोटांचे अंतर असते, कानापासून डोळ्यापर्यंतचे. ऐकीव ते खोटे आणि पाहिलेले ते खरे. म्हण उत्तम आहे, पण अपुरी आहे. डोळ्यापासून मनापर्यंत आणखी एक अंतर असते आणि बहुतेक माणसे तिथे घसरतात. श्रद्धेविषयी मी त्या दिवशी काही बोलले नाही आणि आजही बोलत नाही. ज्याला गणपतीला दूध अर्पण करायचे त्याने ते खुशाल करावे. अर्पण करण्यासाठी चमचा रिकामा व्हावा लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी हा भेद फार बारकाईने केला होता. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आजीने पाहिले ते प्रत्यक्ष, आणि त्यावरून काढले ते अनुमान. दोहोंची कसोटी वेगळी. पण मला आज विशेष बोलायचे आहे ते चौथ्या साधनाविषयी, शब्दाविषयी, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या ज्ञानाविषयी. कारण आपले बहुतेक सारे ज्ञान असेच असते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मी तुम्हाला शिकवले, पण मी ते कुठे जाऊन पाहिले होते? आपली जन्मतारीखसुद्धा आपण दुसऱ्याच्याच शब्दावर मानतो.

मग कुणाचा शब्द मानावा? न्यायशास्त्र म्हणते, आप्ताचा. आणि आप्त कोण? ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे सांगणाऱ्याचे कुळ विचारू नये. त्याला ते कसे कळले आणि तो ते का सांगतो आहे, एवढे विचारावे.

आता गंमत पाहा. आपल्या मराठीत ‘आप्त’ या शब्दाचा अर्थ काय झाला? नातेवाईक! ‘आप्तेष्टांसह उपस्थित राहावे’ असे आपण लग्नपत्रिकेत छापतो. ज्याला ठाऊक आहे तो आप्त, इथून निघून जो आपला आहे तो आप्त, इथवर हा शब्द येऊन पोचला. भाषेच्या प्रवासात असे व्हायचेच. व्यवहारात मात्र हा घोटाळा आपल्याला महागात पडतो. मोबाईलवर कुटुंबाच्या गटात काकांनी पाठवलेला मजकूर आपण खरा मानतो, कारण काका आपले आहेत. काकांना तो एका मित्राने पाठवला, मित्राला त्याच्या साडूने. प्रत्येक जण पुढच्याचा आप्त आहे, पण ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे असा या साखळीत एकही नाही.

ही केवळ शब्दांची चर्चा नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होती. त्या जमावातल्या कुणी टोळी पाहिली होती? कुणाच्या घरचे मूल नाहीसे झाले होते? पाहिले होते ते इतकेच की गावात अनोळखी माणसे आली आहेत. उरलेले सगळे शब्दावर. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरेच केले. पण पहिल्या ठिकाणी पाठवण्याआधी थांबणे हे कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. हल्ली फोन येतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. चित्रफोनवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाणे दिसते. डोळ्यांना सगळे खरे वाटते. इथे गणवेशाची परीक्षा करीत बसू नका. शेजारची रेघ ओढा: आपल्या देशात फोनवरून अटक करण्याची कायद्यात तरतूदच नाही. एवढे एक पक्के ठाऊक असले की पुढचा सगळा मुलामा गळून पडतो. आणि ओळखीची खूण हवी असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा: भीती, घाई आणि ‘घरात कुणाला सांगू नका’. जिथे या तिन्ही एकत्र येतात तिथे फोन ठेवावा, घरातल्यांना सांगावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. खऱ्या गोष्टीला चार तास थांबायला हरकत नसते.

घाईइतकीच दुसरी फसवी गोष्ट म्हणजे पुनरुक्ती. 1977 साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की एखादे विधान पुन्हापुन्हा कानांवर पडले, की ते खरे असो वा खोटे, अधिक खरे वाटू लागते. ओळखीच्या चेहऱ्याप्रमाणे ओळखीचे वाक्यही आपले वाटते. याचे उदाहरण दूर शोधायला नको. ‘मराठी माध्यमातली मुले मागे पडतात’ हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आले. ज्या पालकांनी याच कारणासाठी मुलांचे दाखले काढून नेले, त्यांना मी विचारीत असे: कुणाच्या मागे? कोणत्या विषयात? तुम्ही शेजारी कोणती रेघ ओढली? तशाच घरातले, तशाच परिस्थितीतले, पण दुसऱ्या माध्यमात शिकलेले मूल घेऊन तुलना केलीत का? उत्तर एकच येई, ‘सगळे तसेच म्हणतात.’

पण न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. ‘मातृभाषेत शिकलेलीच मुले खरी हुशार’ असे वाक्य या मंडपात कुणी उच्चारले तर आपण सगळे टाळ्या वाजवू आणि कुणीही पुरावा मागणार नाही. नावडतीचे मीठ अळणी, तसे आवडतीचे अळणीही गोड. जे वाक्य ऐकून आपल्याला बरे वाटते, त्याच वाक्याला दगडावर घासण्याची खरी गरज असते. सराफ भावाचे कडेही घासतो, असे मी म्हटले होते ते यासाठी.

आता शेवटची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच मी हा विषय निवडला.

शिक्षकांना आणि आईबापांना एक अभिमान असतो, ‘मुलाच्या तोंडावरून मला कळते.’ 2006 साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या संशोधकांनी अशा पारखीविषयीचे शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले. चोवीस हजारांहून अधिक माणसांनी समोरचा खरे बोलतो की खोटे ते केवळ पाहून-ऐकून सांगितले होते. ती शेकडा 54 वेळा बरोबर ठरली. नाणे उडवले असते तर 50 वेळा बरोबर ठरली असती. मी हे आकडे फार उशिरा वाचले. त्यांचा अर्थ मला 1988 सालीच कळायला हवा होता.

त्या वर्षी मी आठवी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. मांडूच्या सहलीची वर्गणी गोळा होत होती. एका दिवशी अकरा मुलांनी पंचवीस-पंचवीस रुपये दिले. दोनशे पंचाहत्तर रुपयांचे ते पाकीट मी मधल्या सुट्टीपूर्वी टेबलावर ठेवले होते असे मला पक्के आठवत होते. सुट्टीनंतर ते तिथे नव्हते. सुट्टीत वर्गात एकच मुलगा थांबला होता. मी त्याला उभे केले. त्याने मान खाली घातली. तो अडखळला. ‘सुट्टीत काय करत होतास?’ या प्रश्नावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो ‘काही नाही’ म्हणाला. हे खोटे होते आणि ते खोटे आहे हे मी अचूक ओळखले. बेचाळीस मुलांच्या समोर मी त्याला दप्तर उपडे करायला लावले.

दप्तरात पाकीट नव्हते. पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा होता. माझ्याच विषयाच्या पाठ्यपुस्तकाची पाने त्याने हाताने उतरवून घेतली होती, आकृत्यांसकट. त्याचे वडील कापड गिरणीत होते आणि त्या वर्षी घरात पुस्तक आले नव्हते. म्हणून मधल्या सुट्टीत तो शेजारच्या मुलाचे पुस्तक त्याला न विचारता काढून पाने उतरवीत असे. त्याच्या चेहऱ्यावर अपराध होता तो याचा. म्हणजे मी जे पाहिले ते बरोबर होते. त्यावरून जे ठरवले ते साफ चुकीचे होते. सात वर्षांनी त्या मुलीच्या आजीची उडी मला इतकी नेमकी दिसली, याचे कारण ती उडी मी स्वतः मारून बसले होते. माझ्या उडीत मात्र नुसते दूध सांडले नव्हते.

पैसे सापडले नाहीत तरी माझा संशय गेला नाही. त्याने ते दुसरीकडे लपवले असतील असे मी मनात म्हटले. एकदा ठरवले की पुरावा नसणे हासुद्धा पुरावा वाटू लागतो. आठ दिवसांनी हजेरीपटाचे फाटलेले खाकी वेष्टण बदलताना ते पाकीट आतून निघाले. मीच ते घाईत तिथे सरकवले होते.

मी त्याला शिक्षकखोलीत बोलावले आणि म्हटले, “माझं चुकलं.” तो म्हणाला, “ठीक आहे, बाई.” मला वाटले, प्रकरण मिटले. वर्गात मी काही बोलले नाही. शिक्षिकेचा मान जाईल, असे मला वाटले असावे. त्याच वर्षअखेर त्याचे कुटुंब गावी परत गेले आणि त्यानंतर तो मला कधी भेटला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका लग्नात त्या वर्गातला एक जण भेटला. मोठ्या हुद्द्यावर, चांगला माणूस. जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा तो सहज हसून म्हणाला, “बाई, आपल्या वर्गात तो एक चोर होता, आठवतो?”

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी काय केले होते. खोटे मी बेचाळीस जणांसमोर सांगितले होते आणि खरे एकट्याला. बेचाळीस घरांत ते खोटे इतकी वर्षे सुखाने नांदत होते आणि त्याला तिथे पोचवणारी मी होते. त्या माणसाला मी तिथेच खरे काय ते सांगितले. तो गप्प झाला. पण उरलेल्या एक्केचाळीस जणांना कोण सांगणार होते?

खऱ्याखोट्याची पारख करण्याचे नियम मी तुम्हाला सांगितले. पाहिले काय आणि मानले काय हे वेगळे ठेवा. सांगणाऱ्याला ते कसे कळले, हे विचारा. शेजारची रेघ ओढा. आवडते वाक्य आधी घासा. हे सगळे नियम पाळूनही आपण चुकणार, कारण आपण माणसे आहोत. म्हणून पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. चूक जितक्या लोकांपुढे केली, तितक्या लोकांपुढे ती दुरुस्त करा. ज्या गटात खोटा मजकूर पाठवला, त्याच गटात ‘ते खोटे होते, माझी चूक झाली’ असे लिहा. तो मजकूर गुपचूप पुसून टाकू नका. मुलावर चारचौघांत आरोप केला असेल तर माफीही चारचौघांतच मागा. पालकहो, मुलाच्या नजरेतून तुम्ही याने उतरणार नाही. मी गप्प राहून जो मान वाचवला, तो किती पोकळ होता हे मला चांगले माहीत आहे.

आज या मंडपात 1988 सालच्या आठवी ‘ब’चे काही जण बसलेले मला दिसत आहेत. मी त्या मुलाचे नाव घेणार नाही. तुम्हाला ते आठवते आहे. त्याने ते पैसे घेतले नव्हते. ते माझ्याच हजेरीपटात होते. मी त्याला सर्वांसमोर उभे केले ती माझी चूक होती आणि ती मी तुमच्यापासून लपवली ही त्याहून मोठी चूक होती. हे भाषण स्मरणिकेत छापणार असल्याचे मला कळले आहे. छापताना हा भाग गाळू नये, अशी संपादकांना विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता ठाऊक असेल, तर स्मरणिकेची एक प्रत त्याला पाठवा. टपालखर्च माझा.

साठ वर्षांच्या या शाळेला माझे वंदन. तिने मला शिकवायला लावले आणि त्यातून मीच शिकत गेले. तास संपला. बसा.